गुरुवारचा अकराचा वर्ग

नाशिकमध्येच सातपूरला राहणाऱ्या एका जुन्या मैत्रिणीचा परवा फोन आला. आम्ही दोघी टपाल खात्यात एकाच वर्षी लागलो होतो. त्यांच्या वसाहतीतील ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला वाढदिवस साजरे होतात, वर्षातून दोन सहली निघतात, कोजागरीला दूध आटते, आणि तरीही घरी परतताना हाती काही लागले असे वाटत नाही, अशी तिची तक्रार होती. ‘तुमच्याकडे इंदिरानगरला गुरुवारी वर्ग भरतो म्हणे, तो कसा उभा केलास ते सांग,’ असे ती म्हणाली. फोनवर जमेल तेवढे सांगितले, पण फोन ठेवल्यावर लक्षात आले की पाहुण्यांची नावे, वेळ, वर्गणी यांविषयीच बोलणे झाले आणि महत्त्वाचे ते राहूनच गेले. ते असे की पाहुण्यांची व्याख्याने ठेवून आमचा वर्ग उभा राहिला नाही. आमच्यातल्या एकेकाने फळ्यापाशी उभे राहून इतरांना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा तो उभा राहिला, आणि पाहुण्यांची व्याख्यानेही त्यानंतरच आम्हाला खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागली. हे तिला आणि तिच्यासारख्या इतरांना नीट कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

टपाल खात्यात माझी छत्तीस वर्षे गेली. त्यातली बरीचशी बचत बँकेच्या काउंटरवर आणि शेवटची काही उपडाकघराची पोस्टमास्तर म्हणून. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने विश्रांती, नातेवाईक आणि अंगावर काढलेली दुखणी यांत संपले. त्यानंतर जी अस्वस्थता जाणवू लागली तिला मी कंटाळा म्हणणार नाही, कारण घरात माणसे होती आणि कामेही होती. दिवसच्या दिवस कोणी मला नवे काही विचारीत नव्हते आणि मीही कोणाला काही विचारीत नव्हते, हे मला सहन होत नव्हते. काउंटरवर असताना दररोज एखादे परिपत्रक समजून घ्यावे लागे, एखाद्या खातेदाराच्या अडचणीसाठी नियमपुस्तक उघडावे लागे. डोक्याला लागलेली ती सवय सेवानिवृत्तीचा आदेश हाती पडला म्हणून सुटत नाही.

सोसायटीच्या तळमजल्यावर एक सभागृह आहे. गणपतीत तिथे आरास होते, बारशाला पंगत बसते, बाकीचे दिवस ते रिकामेच असते. नऊ जणांनी मिळून तिथे गुरुवारी जमायचे ठरवले. आज आमची संख्या तीसच्या आसपास आहे. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून, ओझरच्या विमान कारखान्यातून, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून, दिंडोरी रस्त्यावरच्या मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेतून, एसटीतून, जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रांतून निवृत्त झालेली माणसे या शहरात गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येकाकडे तीस-पस्तीस वर्षांच्या कामातून आलेले असे काही ज्ञान आहे की जे पुस्तकात शोधून सापडणार नाही. हे आम्हाला कळायला मात्र पहिले वर्ष जावे लागले.

त्या पहिल्या वर्षी आम्ही केवळ पाहुणे बोलावले. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांचे दोन शब्द, असे करीत पाचचे व्याख्यान पावणेसहाला सुरू होई. वक्ते विद्वान असत, सज्जन असत, पण समोर पांढरे केस दिसले की त्यांतले बरेच जण आपला विषय बाजूला ठेवत आणि मन आनंदी कसे ठेवावे, सुनेशी कसे जुळवून घ्यावे, सकाळी किती पावले चालावे यांवर बोलू लागत. हृदयरोगतज्ज्ञांकडून आम्हाला हृदयाविषयी ऐकायचे होते, आणि ते आम्हाला समाधानी वृत्तीविषयी सांगत. यात त्यांचा फारसा दोष नव्हता. आम्हीच त्यांना ‘ज्येष्ठांना मार्गदर्शन करा’ एवढेच सांगून बोलावले होते, आणि मार्गदर्शन या शब्दाखाली काहीही खपते.

त्याच वर्षी एक वाईट अनुभव आला. हाडांच्या आरोग्यावर मोफत व्याख्यान आणि तपासणी, असे सांगून काही मंडळी आली. पहिली वीस मिनिटे सांधेदुखीविषयी बोलून झाल्यावर त्यांनी एक गादी उलगडली, तिच्यात चुंबके बसवलेली आहेत आणि त्यांनी रक्ताभिसरण सुधारते असे सांगितले, आणि प्रत्येकाचा फोन क्रमांक लिहून घेतला. पुढचे दोन महिने सभासदांना फोन येत राहिले. दोघांनी ती गादी घेतली, त्यांतल्या एका बाईंनी तर मुदत ठेव मोडून घेतली. त्या पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन आले, त्यांनी चहा दिला, पण त्या विषयावर बोलल्या नाहीत. आपल्या बोलावण्यावरून आलेल्या माणसाने आपल्या माणसाला फसवले ही गोष्ट मला अजूनही लागून आहे. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की वर्गात कोणतीही वस्तू, विमा किंवा गुंतवणुकीची योजना विकली जाणार नाही, आणि सभासदांचे फोन क्रमांक कोणालाही दिले जाणार नाहीत. पाहुण्यांना हे आम्ही आधीच लेखी कळवतो.

तसे पाहता व्याख्यान ऐकण्याची सवय नाशिकच्या माणसाला मुळातच आहे. गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यात भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेने शंभरी ओलांडली आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये ज्यांनी सुरू केली ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्याच जिल्ह्यातले, त्यांचा जन्म निफाडचा. सार्वजनिक वाचनालय तर १८४० सालचे. आमच्यापैकी कित्येकांनी वडिलांचे बोट धरून गोदाकाठची व्याख्याने ऐकलेली आहेत. त्या पटांगणाने आम्हाला श्रोते केले, आणि त्याचे ऋण मोठे आहे. परंतु हजार माणसांत बसून ऐकणे वेगळे आणि तीस माणसांत बसून ‘हे मला समजले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणणे वेगळे. या वयात या दुसऱ्या प्रकाराची फार गरज असते, कारण न समजलेली गोष्ट मान डोलावून सोडून द्यायची सवय आपल्याला हळूहळू लागत जाते.

याच सुमारास आमच्यातील एकांनी, त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो, तिथल्या निवृत्तांच्या अभ्यासगटांची माहिती आणली. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ मध्ये पिएर व्हेलास यांनी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले, ते तिथल्या विद्यापीठाच्या आश्रयाने आणि तिथल्या प्राध्यापकांच्या भरवशावर. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पीटर लॅस्लेट, मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी ती कल्पना ब्रिटनमध्ये नेली तेव्हा तिचे रूप पालटले. तिथे प्राध्यापक नाहीत, परीक्षा नाहीत, पदवी नाही. सभासदच शिकवतात आणि सभासदच शिकतात, आज जो भूगर्भशास्त्र सांगतो तो उद्या दुसऱ्याकडून चित्रकला शिकतो. बालपण आणि नोकरी-संसार यांच्या नंतरचा आणि परावलंबी होण्याच्या आधीचा जो काळ, त्याला त्यांनी ‘तिसरे वय’ म्हटले आहे. मला हे नाव आवडले, कारण त्यात वर्षांचा आकडा नाही.

हे ऐकल्यावर आम्ही ठरवले की महिन्यातील तीन गुरुवार आपले आणि एकच गुरुवार पाहुण्यांचा. पहिली पाळी कोणी घ्यायची यावर बराच वेळ शांतता होती. शेवटी मीच घेतली, आणि विषय निवडला पिनकोड, कारण तो मला झोपेतही सांगता आला असता. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील अधिकाऱ्यांनी, जे संस्कृतचे कवीही होते, ही पद्धत बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. पहिला अंक विभागाचा, त्यात ४ म्हणजे आपण, आपल्याबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीसाठी ठरवलेल्या जिल्ह्याचे, म्हणून नाशिकला ४२२. शेवटचे तीन त्या-त्या वाटप कार्यालयाचे. प्रत्येकाने आपापला पिनकोड वहीत लिहून तो सोडवला. गंगापूर धरणाजवळच्या गोवर्धन गावी १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, त्याचा पिनकोड ४२२२२२ आहे हे सांगितले तेव्हा मागच्या रांगेतल्या एक ताई हसून म्हणाल्या, ‘मी तिथे नाव घातले होते, पण हे कधी दिसलेच नाही.’ त्या ताईंनी मुलांची लग्ने झाल्यावर बी.ए.ला प्रवेश घेतला होता ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

पण आमच्या वर्गाला वळण दिले ते शहराजवळच्या डोंगरातील पांडवलेण्यांनी. बँकेतून निवृत्त झालेले एक भाऊ आमच्यात आहेत. ते अबोल, मागे बसणारे. त्यांनी एकदा चिठ्ठी दिली की पांडवलेण्यांतील मुदत ठेवींवर बोलायचे आहे. शब्द चुकला असावा असे आम्हाला वाटले. ते फळ्यापाशी आले, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखाचा मराठी अर्थ त्यांनी सावकाश वाचून दाखवला. क्षहरात घराण्यातील क्षत्रप, म्हणजे राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याने लेखातल्या कालगणनेच्या बेचाळिसाव्या वर्षी वैशाख महिन्यात हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ‘अक्षयनीवी’ ठेवली, म्हणजे मुद्दल कधी काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. ती रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली होती, एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापणे द्यावयाची, असे लेखात आहे.

इथे त्यांनी खडू हाती घेतला. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, भागिले वीस भिक्षू, बरोबर बारा. फळ्यावर तो बाराचा आकडा उमटला तेव्हा सभागृहात एकही माणूस हलला नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कातळात कोरलेला हिशेब आमच्यासमोर आमच्याच माणसाने पडताळून पाहिला होता आणि तो जुळला होता. नंतर जी चर्चा झाली तशी मी कुठल्याही व्याख्यानमालेत ऐकलेली नाही. दोन श्रेणींचे दर वेगवेगळे का, एक अधिक भरवशाची होती का, सगळी रक्कम एकाच ठिकाणी न ठेवण्याचा विचार तेव्हाही होता का, असे प्रश्न निघाले. दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेल्या एकांना लेखाचा पुढचा एक भाग पुन्हा ऐकायचा होता, कारण त्यात हे सगळे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवले आणि रीतीप्रमाणे दफ्तरात नोंदवले असे म्हटले आहे. ‘म्हणजे नोंदणी झाली होती,’ असे ते दोनदा म्हणाले. आयुष्यभर दस्त नोंदवणाऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला भरून आले.

पुढच्या महिन्यातला पाहुण्यांचा गुरुवार आम्ही याच विषयाला दिला. ब्राह्मी लिपी जाणणाऱ्या एका प्राध्यापकांना बोलावले आणि आमचे अकरा प्रश्न दोन आठवडे आधी लिहून पाठवले. ते आले तेव्हा त्यांच्या हातात आमचाच कागद होता आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी सत्कार होऊ दिला नाही, थेट तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली. आमच्या भाऊंनी हजार कार्षापणांच्या व्याजाचा उपयोग ज्या ‘कुशणमूला’साठी सांगितला होता त्या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, हे त्यांनी समजावून दिले, आणि ब्राह्मीतील ‘क’ आपल्या अधिकच्या चिन्हासारखा असतो हे दाखवून प्रत्येकाकडून आपल्या नावातली सापडतील तेवढी अक्षरे लिहून घेतली. ज्यांचे गुडघे ठीक होते ते त्यानंतरच्या रविवारी लेण्यांवर जाऊन आले. उरलेल्यांना त्यांनी पायथ्याशी येऊन तिसऱ्या आणि दहाव्या लेण्याची छायाचित्रे दाखवली. लहानपणापासून त्या डोंगरावर आम्ही सगळे कितीदा गेलो असू, डबे खाल्ले असतील, पण त्या भिंतीवर काय लिहिले आहे हे विचारायचे मनात आले नव्हते.

मैत्रिणीला मला हेच सांगायचे होते. पाहुणा विद्वान असून भागत नाही. त्याच्यासमोर बसणाऱ्यांनी आधी थोडे खपलेले असावे लागते. तसे झाले की पाहुण्यालाही उत्साह येतो, आणि आपल्याला ज्येष्ठांचे मनोरंजन करायला बोलावलेले नाही हे त्याला न सांगता समजते.

शिकवण्यासारखे आपल्याकडे काही नाही असे सर्वांत ठामपणे म्हणतात त्या घर सांभाळलेल्या बायका. ‘मी कुठून निवृत्त झाले, म्हणून या वर्गात बसू?’ असे मला तीन वेगवेगळ्या जणींनी विचारले आहे. पिंपळगाव बसवंतकडच्या एक ताई मुलाकडे राहायला आल्या आहेत, गावी त्यांची द्राक्षबाग होती आणि यजमान गेल्यावर ती त्यांनीच कित्येक वर्षे पाहिली. त्यांना फळ्यापाशी आणायला मला चार महिने लागले. त्या आल्या त्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली द्राक्षाची काडी घेऊन. वर्षातून दोन छाटण्या का लागतात, हे त्यांनी त्या काडीवर सांगितले. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी फळासाठी. परंतु ऑक्टोबरनंतर दिसणारा घड त्याआधीच, एप्रिलच्या छाटणीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे अंकुराच्या, आत ठरून गेलेला असतो. त्या दिवसांत पाणी, ऊन किंवा खत यांत चूक झाली तर ती पाच महिन्यांनी कळते आणि तेव्हा उपाय नसतो. मग त्यांनी ब्लेडने एक डोळा उभा चिरला आणि भिंग फिरवायला दिले. गोडी छाटणीपूर्वी शेतकरी काड्या तपासायला नेतात ते कितव्या डोळ्यात घड आहे हे पाहण्यासाठी, कारण कात्री कुठे चालवायची ते त्यावर ठरते. दर मोसमात दहा-वीस किलो द्राक्षे घरी आणणारी आम्ही माणसे, आणि यातले एक अक्षर आम्हाला ठाऊक नव्हते. त्या ताई आता दर आठवड्याला पुढच्या रांगेत बसतात.

मेरीतून निवृत्त झालेल्या अभियंत्यांनी क्युसेक समजावला, तो दिवसही मी विसरणार नाही. पावसाळ्यात रोज बातमी येते की गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग सुरू आहे, आणि आपण लगेच विचारतो की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आले. त्यांनी पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार टेबलावर ठेवले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दीड जार. दहा हजार क्युसेक म्हटले की दर सेकंदाला चौदा हजार जार. २००८ आणि २०१६ चे पूर सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, सराफ बाजारात शिरलेले पाणी काहींनी स्वतः उपसलेले होते. धरणातून सोडलेल्या पाण्याखेरीज धरणाच्या खाली पडणारा पाऊस आणि शहरातले नाले नदीला काय आणून देतात हे त्यांनी नकाशावर दाखवले. आता बातमी ऐकताना आमच्या वर्गातले प्रत्येकजण मनातल्या मनात जार मोजतात असे मला सांगतात.

पाहुण्यांच्या गुरुवाराविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी. एका कर्णविकारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला सांगितले की वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द ऐकू येऊनही कळत नाही. अशा माणसाशी ओरडून बोलण्याने फायदा होत नाही. समोर तोंड करून, जरा सावकाश आणि शब्द सुटे करून बोलावे लागते. तेव्हापासून वक्त्याने पडद्याकडे तोंड करून बोलायचे नाही आणि ध्वनिक्षेपक हनुवटीपाशी धरायचा, हे आम्ही सुरुवातीलाच नम्रपणे सांगतो. पंखे बंद ठेवता येत नाहीत, पण खडखडणारा पंखा आम्ही दुरुस्त करून घेतला, आणि त्या तीनशे रुपयांनी जो फरक पडला तो नव्या ध्वनिवर्धकानेही पडला नसता. बोलणे चाळीस मिनिटे, प्रश्न चाळीस मिनिटे. पहिला प्रश्न मागच्या गुरुवारी गप्प राहिलेल्याचा, नाहीतर तेच चार पुरुष दर वेळी बोलत राहतात. पुढच्या आठवड्यात आरंभीची दहा मिनिटे उजळणीची, वही मिटून. आठवायला जोर लावला की गोष्ट टिकते, वही पुन्हा वाचून टिकत नाही, हा आमचा अनुभव आहे.

काही विषय पाहुण्यांशिवाय होत नाहीत. मृत्युपत्रावर आम्ही वकील बोलावले. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, परंतु दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच, एवढे चार मुद्दे त्या दिवशी तीस वह्यांत उतरले. हयातीच्या दाखल्याचा वर्ग आम्ही नोव्हेंबरच्या आधी घेतो. ज्यांना रांगेत उभे राहणे जड जाते त्यांनी आपापल्या फोनवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण पूर्ण करायला शिकायचे, आणि शेजाऱ्याने त्याच्या फोनला हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचे. सायबर फसवणुकीवर बोलायला पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी आले होते आणि त्यांनी चांगले सांगितले. पण त्या दिवशी त्यांचे झाल्यावर आमच्यातले एक जण उठले. आपल्याला ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगून दोन दिवस व्हिडिओ कॉलवर कसे बसवून ठेवले, पत्नीलाही सांगू दिले नाही, आणि किती रक्कम गेली, हे त्यांनी उभ्याने, कुठेही न थांबता सांगितले. अशी अटक कायद्यात नाहीच, पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करीत नाहीत, आणि पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करायचा, ही माहिती पाहुण्यांनी दिलीच होती. ती आमच्या मनात बसली त्या गृहस्थांमुळे. ते खाली बसले तेव्हा त्यांच्या शेजारच्यांनी त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला होता. गादीवाल्या प्रसंगात आम्ही त्या बाईंना असे बोलायची जागा दिली नव्हती, हे मला तेव्हा फार जाणवले. मी त्यांना पुन्हा एकदा बोलावून आले आहे.

वेळेविषयी एवढेच, की आधी आम्ही संध्याकाळी पाचला जमत होतो आणि बायका येत नव्हत्या. नातवंडांची बस साडेपाचला येते हे आमच्यातल्या एकाही पुरुषाच्या लक्षात आले नव्हते. सकाळी अकराची वेळ केल्यावर वर्गात निम्म्या बायका झाल्या. वर्गणी महिन्याला पन्नास रुपये, चहा घरचा, शाल-श्रीफळ बंद. पाहुण्यांना आम्ही सभासदांनी सह्या केलेली वही देतो, त्यात त्यांच्या विषयावरचे आमचे उरलेले प्रश्न लिहिलेले असतात. काही जण त्यांची उत्तरे नंतर लिहून पाठवतात.

एसटीतून निवृत्त झालेले एक चालक भाऊ आमच्याकडे दोन वर्षे येत आहेत आणि त्यांनी आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही. गेल्या गुरुवारी सगळे गेल्यावर ते थांबले आणि मला म्हणाले, ‘ताई, मी कसारा घाट सांगितला तर चालेल का?’ बत्तीस वर्षे मुंबई-नाशिक गाडी चालवलेली. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतार का उतरायचा, सारखा ब्रेक दाबला की तो तापून धरेनासा का होतो, धुक्यात पुढच्या गाडीचे दिवे फसवतात कसे, हे त्यांनी तिथेच उभ्या-उभ्या मला दहा मिनिटे सांगितले. मग खिशातून कागद काढला, त्यावर टिपणे लिहिली होती आणि अक्षर लागत नव्हते. ‘हे तुम्ही नीट लिहून द्या आणि तुम्हीच वाचा,’ असे त्यांचे म्हणणे पडले. मी कागद त्यांच्या खिशात परत घातला. वाचायचे नाही, मला आता सांगितले तसेच सांगायचे, आणि घाटाची वळणे फळ्यावर काढायची, असे ठरले आहे. त्यांनी फक्त एक अट घातली की फळा पूर्ण रिकामा हवा, कारण घाट एका कोपऱ्यात मावणार नाही.